सारवलेलं खुराडं

सौंसर
२९ जुलै १९८४

सुशीला,

जयभीम. तुम्हा दोघांची खुशाली दादारावच्या कार्डावरून कळली, म्हणून ती पुन्हा विचारत नाही. सरळ मुद्द्याचं लिहिते. माझी पिल्लं मरायला लागली आहेत.

कोंबडीपालनाचं शिबिर संपलं त्या दिवशी आपण नणंद-भावजयींनी एकाच गाडीतून उतरलेली पिल्लं वाटून घेतली. अर्धी तू पांढुर्ण्याला नेलीस, अर्धी मी इकडे आणली. तीन आठवडे दृष्ट लागावी अशी वाढली. मग एक दिवस एक पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभं राहिलं. दाण्याकडे बघेना. खाली पाहिलं तर रक्त. दुसऱ्या दिवशी ते गेलं आणि आणखी तीन तशीच उभी. आता रोज सकाळी दार उघडायचीच भीती वाटते.

जनावरांच्या डॉक्टरांकडे मेलेलं पिल्लू घेऊन गेले. ते म्हणाले, ही रक्ती हगवण. डोळ्यांना न दिसणारा किडा आतड्यात घर करतो. एकाच्या विष्ठेतून दुसऱ्याच्या पोटात जातो. पाण्यात कालवायची पूड दिली आणि विचारलं, "साफसफाई ठेवता ना?" मी म्हटलं, या आणि पाहा, जमीन आरशासारखी आहे. खरंच आहे. शिबिरातल्या बाई सांगत होत्या तुला आठवतं ना, भाताचं तूस जाड अंथरा आणि पिल्लं मोठी होईपर्यंत तसंच राहू द्या म्हणून? ते माझ्या मनाला कधी पटलंच नाही. घाणीवर घाण साठवायची ही काय रीत झाली? मी सगळं तूस रोज सकाळी काढून टाकते, शेणानं सारवते, आणि वर नवं चिमूटभर पसरते. तू काय करतेस? की बाईंचं ऐकून तसंच कुजत ठेवलंस?

हसण्यावारी नेऊ नकोस. कापसाचं जिनिंग बंद पडल्यापासून हे घरीच आहेत. नागपूरचे माझे मोठे दीर, सुखदेवराव, सारखं लिहितात की सगळे इकडे या, एक खोली देतो. माणूस वाईट नाही. पण त्या घरी मी आठ दिवस राहून आले आहे. चहा मांडायचा तर जावेच्या तोंडाकडे बघावं लागतं. मी यांच्याकडून एवढंच मागून घेतलं आहे की ही पिल्लं पावसाळ्यातून धडधाकट निघाली, तर कोंबड्यांवर घर चालवून दाखवते आणि आपण सौंसर सोडायचं नाही. नाही निघाली, तर दसऱ्याच्या आत घर रिकामं. हे कबूल झाले, पण मनातून ते नागपूरला पोहोचलेलेच आहेत.

तुझी पिल्लं कशी आहेत ते लगेच कळव.

वत्सला


पांढुर्णा
३ ऑगस्ट १९८४

ताईंना सुशीलाचा जयभीम,

पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं. त्यांनी भाकरी बाजूला ठेवून पुन्हा वाचायला लावलं. नाहीतर संत्र्याच्या मंडईतून आल्यावर हे दुसऱ्याला बोलू देत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

आमच्याकडची पिल्लं चांगली आहेत हे लिहायलासुद्धा कसंतरी वाटतं. सुरुवातीला एकदोन गेली, ती चेंगरून. एकदोघांना रक्त दिसलं होतं, मी पण डॉक्टरांची पूड पाजली, थांबलं. आता तर अंगावर उड्या मारतात. परवा एकानं माझ्या कानातलं टोचून ओढलं.

साफसफाईचं विचारलंत. ताई, मी पण तुमच्यासारखंच करते. रोज काढून, धुऊन, सारवून घेते. सकाळी करते आणि जमलं तर संध्याकाळीसुद्धा. तुमच्या हाताची सर नाही येणार, पण करते. शिबिरातल्या बाईंचं मीही ऐकलं नाही.

पूड सोडू नका. पाण्याचं भांडं विटेवर ठेवून पाहा, म्हणजे पिल्लं त्यात पाय घालत नाहीत आणि सांडतही नाही. भाऊजींना सांगा, इतक्यात नागपूरचं नाव काढू नका. तुम्ही सौंसर सोडलं तर आम्ही माहेरपणाला तुम्हाला आणायचं कुठून? नागपूरहून तुम्ही येणार थोड्याच.

हे जयभीम सांगतात.

सुशीला


सौंसर
१० ऑगस्ट १९८४

सुशीला,

तू सकाळ-संध्याकाळ करतेस हे वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. मी एकदाच करत होते. त्या दिवसापासून मीही दोन्ही वेळा धरल्या. दोन बादल्या पाणी सकाळी, दोन संध्याकाळी, वर फिनाईल, मग सारवण. माझे गुडघे बोलायला लागले आहेत. विटाही ठेवल्या.

पुडीनं पाच-सहा दिवस उतार पडला होता. मला वाटलं सुटलो. चहात साखर जास्त घातली त्या दिवशी. पूड संपली आणि पुन्हा तेच. या वेळी जास्त जोरात. काल सकाळी जी उचलली ती मी मोजलीसुद्धा नाही. हे परसात खड्डा करून पुरत होते. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. संध्याकाळी त्यांनी माळ्यावरची मोठी पेटी खाली काढून पुसून ठेवली. कशाला म्हणून मी विचारलं नाही.

शेजारची जयवंता म्हणते, "बाप्पा, तुह्या खुराड्यात तं माणूस जेवायला बसन. अन् तरी मरून राहिले? कोणाची नजर असन." नजर-बिजर मी मानत नाही. पण मग काय ते तरी कोणी सांगावं. एकाच गाडीतली पिल्लं, तीच पूड, तोच पाऊस. तुझ्याकडे नाचतात आणि माझ्याकडे मरतात. मग एकच उरतं, माझे हातच वाईट. तू सारवतेस तर जगतात, मी सारवते तर मरतात. मी आयुष्यभर तुला कामावरून टोकत आले आणि आता हे बघ.

अर्ध्याहून थोडी जास्त उरली आहेत. पुन्हा पूड आणली आहे. बाकी तुझं बरं चालू दे.

वत्सला


पांढुर्णा
१४ ऑगस्ट १९८४

ताईंना जयभीम,

तुम्ही असं हातांबद्दल लिहू नका. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

ताई, दोन वेळा धुऊ नका. एवढं ऐका माझं. मी पण आजकाल दोन वेळा करत नाही. एकदाच करते. एखाद्या दिवशी ते पण राहून जातं आणि तरी पिल्लांना काही झालेलं नाही. पावसाचे दिवस आहेत, जमीन लवकर वाळत नाही. तुम्ही दोनचार दिवस काहीच करू नका आणि बघा. नुसतं तूस टाका. भरपूर टाका. माझं मन सांगतं म्हणून लिहिते, दुसरं काही नाही.

मी उद्यापासून तिगावला माहेरी जाते आहे, आईला बरं नाही. चारपाच दिवसांनी येईन. पिल्लांचं हे बघतील. आल्यावर तुम्हाला सविस्तर लिहायचं आहे. कसं लिहू ते तिथं जाऊन ठरवते.

सुशीला


सौंसर
२१ ऑगस्ट १९८४

सुशीलाबाई,

बाई म्हटलं, कारण तू आता मोठी झालीस. नणंदेला सरळ तोंडावर खोटं लिहायला लागलीस.

तुझं पत्र आलं आणि मला वाटलं, ही काहीतरी दडवते आहे. तुझी पिल्लंही मरत असतील आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नसशील, असं माझ्या डोक्यात आलं. मला तुझीच काळजी लागली, बघ. हे म्हणाले, "इथं बसून काय करून राहिली? जाऊन पाहून ये." शुक्रवारची पहिली बस धरली.

तू तिगावला. दादाराव मंडईत. दाराला नुसती कडी. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि सरळ मागच्या खोलीत गेले. सुशीला, दार उघडल्याबरोबर मी पदर नाकाला लावला. तूस पार पोटरीपर्यंत! वर विष्ठा, पिसं, कोंडा, सगळं एकात एक. भिंतीला जाळी. मी म्हटलं, ही सकाळ-संध्याकाळ धुते? इथं तर केरसुणीनं पाऊल ठेवलेलं नाही! असा संताप आला की तू समोर असतीस तर काय बोलले असते कोण जाणे. माझी पिल्लं स्वच्छतेत मेली आणि हिची उकिरड्यात माजली!

मग पिल्लांकडे पाहिलं. पिल्लं कसली, कोंबड्याच झाल्या आहेत. मला पाहून सगळी धावत आली, पायात लुडबुडली, तुसात घुसून पायांनी उकरायला लागली. तूस उडत होतं. धुरळा माझ्या लुगड्यावर बसला, आणि तेव्हा मी थबकले. धुरळा उडतो कसा? माझ्याकडे तर चिखल होतो. मी खाली बसले आणि त्या घाणीत हात घातला. मनगटापर्यंत गेला. आत कोरडं होतं, उबदार होतं. मूठभर दाबून पाहिलं तर गोळा बनेना, बोटांतून सांडून गेलं.

तेवढ्यात दादाराव जेवायला आला. मला तिथं तशी बसलेली पाहून दारातच उभा राहिला.

मी म्हटलं, "दाद्या, हे कधी झाडलं?"

म्हणतो, "झाडलं कुठं ताई? पिल्लं आणली तेव्हापासून तसंच हाय. सुशी रोज दंताळ्यानं खालचं वर करते, भांड्याजवळ ओलं झालं का तेवढंच उचलून फेकते, चुना भुरभुरते अन् नवं तूस टाकते. शिबिरात सांगतलं तसंच तं करून राहिली."

"अन् मले तं लिहिलं का दोन टाइम सारवते म्हून?"

तो खाली पाहायला लागला. "सुशी भेते ताई तुले," म्हणाला. एवढंच बोलला आणि हातपाय धुवायला गेला.

परत आले ती बसमधून उतरून तशीच डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही आरशासारखी म्हणालात तेव्हा मला वाटलं कोरडी. रोज ओली करता हे कुठं बोललात?" मग समजावून सांगितलं. त्या किड्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा कच्ची असतात. पिकायला त्यांना ऊब लागते आणि ओल लागते. ऊब आपल्याकडे फुकट आहे, आणि ओल मी बादलीनं देत होते. शेणाच्या ओल्या जमिनीवर पातळ तूस म्हणजे त्यांना पाळणाच. फिनाईलनंसुद्धा ती मरत नाहीत. कोरड्यात मात्र फारशी पिकत नाहीत. थोडी पिल्लांच्या पोटात जातातच, पण तेवढ्यानं पिल्लू मरत नाही, उलट आतून घट्ट होतं. एकदम भारंभार गेली की मरतं. "तुमची भावजय बरोबर करते," म्हणाले. हे ऐकायला मी त्यांच्याकडे गेले होते!

हे आणि मी मिळून खोली रिकामी केली. पिल्लं ओसरीवर टोपल्यांखाली ठेवली, जयवंतानंसुद्धा आपल्या दोन टोपल्या दिल्या. जमिनीवर आधी शेगडीतले निखारे पाटीत घालून फिरवले, मग राख आणि चुना टाकून दोन दिवस वाळू दिली. तेलघाणीवरून भुईमुगाच्या टरफलांची पोती आणली आणि तूस घालून चांगला वीतभर थर केला. पूड पुन्हा सुरू आहे. सारवायचा हात सकाळी आपोआप बादलीकडे जातो. कालच यांनी बादली उचलून माळ्यावर ठेवली.

आता यात उरतील ती आपली. पण मला एकाच गोष्टीचं उत्तर पाहिजे. तू खोटं का लिहिलंस? ती पहिली ओळ खरी लिहिली असतीस तर माझी कितीतरी वाचली असती. मी रागावले आहे आणि राग लपवत नाही.

वत्सला


पांढुर्णा
२५ ऑगस्ट १९८४

ताई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तिगावला बसून मी खरं सांगणारं पत्र लिहिलं होतं, पण मी परत येण्याआधीच तुम्ही येऊन गेला होतात. ते पत्र फाडून टाकलं. आता त्याचा काय उपयोग.

का लिहिलं ते सांगते. माझं लग्न होऊन महिना झाला असेल. तुम्ही माहेरी आलात, स्वयंपाकघरात आलात आणि फळीवरच्या डब्यांमागून बोट फिरवलंत. ते बोट सासूबाईंना दाखवलंत. काही बोलला नाहीत, नुसतं दाखवलंत. तुम्ही विसरला असाल. मी अजून तुमचं कार्ड आलं तरी आधी ओटा पुसते आणि मग वाचते. हे मला हसतात. तर तुम्ही लिहिलंत, "की तसंच कुजत ठेवलंस?" आणि माझ्या डोळ्यांपुढे ते बोटच आलं. हात लिहीत गेला. मला वाटलं, जमीन सारवल्यानं काय होणार आहे, तुम्ही तर करताच आहात. माझ्या लिहिण्यानं तुम्ही दुप्पट कराल हे मला सुचलंच नाही. दुसऱ्या पत्रात सांगायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले.

मी चुकले, ताई. मोठी चूक झाली. तुमची पिल्लं माझ्या खोट्या ओळीनं गेली. तुम्ही काय म्हणाल ते मी ऐकून घेईन. यांनी तर दोन दिवस माझ्याशी बोलणंच टाकलं होतं, मग भाजीत मीठ नाही म्हणून बोलावं लागलं.

पण आता हगवण थांबली का? एवढंच लिहा. बाकी रागावून लिहिलं तरी चालेल, पण लिहा. पोस्टमन गल्लीत शिरला की मी हातातलं काम टाकून दारात येते. पेटी पुन्हा माळ्यावर गेली का?

सुशीला


सौंसर
१८ सप्टेंबर १९८४

सुशीला,

इतके दिवस मुद्दाम लिहिलं नाही. आधी तुझ्यावरचा राग होता. तो गेला, मग भीती राहिली. आज लिहिलं आणि उद्या पुन्हा एखादं कोपऱ्यात उभं दिसलं तर काय, अशी. आता लिहिते.

थांबली ग, थांबली. खोली बदलल्यानंतर पहिल्या आठवड्यात दोन गेली, ती आधीचीच आजारी होती. त्यानंतर एकही नाही. पावसाची झड लागली, भिंतींना ओल आली, मी रोज मुठीत तूस धरून दाबते आणि ते सांडून जातं. पिल्लांचे तुरे लाल झाले आहेत. एक कोंबडा आरवायला शिकतो आहे, घसा बसलेल्या माणसासारखा ओरडतो आणि हे त्याला नक्कल करून दाखवतात. डॉक्टर स्वतः येऊन पाहून गेले. म्हणाले, आता यांना काही होत नाही, यांचं पोट तयार झालं. ते गेल्यावर दार लावून घेतलं आणि कोंबड्यांमध्ये तुसावरच बसले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दंताळं आता यांच्या हातात असतं. मला देत नाहीत. म्हणतात, "तू झाडायला लागशीन." जयवंता नाक मुरडते की आता तुझ्या खुराड्यात कोण जेवायला बसेल. मी म्हटलं, कोंबड्या बसतात ना, पुरे.

डब्यांमागच्या बोटाचं लिहिलंस. मी विसरले नव्हते. मी तेव्हा नवी सासरी गेले होते, माझ्या सासूनं माझ्यावर तेच केलं होतं, आणि मला कुणावर तरी ते काढायचं होतं. तू सापडलीस. तू खोटं लिहिलंस ही तुझी चूक, पण खरं लिहायला तुला भीती वाटावी अशी मी वागले, ही माझी. दोन्ही चुका आता इथंच मिटवून टाकू. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा घर पसरलेलं असलं तरी चालेल. आणि मी आलेली असताना तू ओटा पुसलास तर मी उठून निघून जाईन.

आता खरी गोष्ट. यांनी नागपूरला काय कळवलं ते मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारलं आणि नको ते ऐकावं लागलं तर, म्हणून. चार दिवस उघाड पडली तशी काल सकाळी हे शिडी लावून घरावर चढले. घर सोडायचंच आहे म्हणून यंदा पावसाआधी छपराचे कवेलू फेरलेच नव्हते, स्वयंपाकघरात दोन जागी गळतं. मला म्हणाले खालून एकेक कवेलू देत जा. मी देत होते. अर्ध्या तासानं वरून म्हणाले, "हा कोपरा नीट दाबून बसवून राहिलो. नाही तं पुढच्या पावसात पुन्हा गळन."

पुढच्या पावसात, म्हणाले. सुशीला, मी हातात कवेलू धरून तिथंच उभी राहिले आणि हे वरून ओरडत होते, "अवो, दे ना! काय झालं?" मला द्यायलाच सुचेना.

वत्सला